फुलोऱ्याची तारीख कोण लिहून ठेवतो?



थंडी ओसरू लागली की राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये एक बातमी जवळजवळ दरवर्षी येते : उत्तराखंडच्या डोंगरांत बुरांस वेळेआधी फुलला. सोबत लालभडक फुलांचे छायाचित्र असते, एखाद्या शास्त्रज्ञाचे दोन ओळींचे मत असते आणि खाली वाचकांचे दोन तट पडलेले असतात. एक तट म्हणतो, हवामानबदलाचा आणखी कोणता पुरावा हवा? दुसरा म्हणतो, आमच्या आजोबांच्या काळीही जानेवारीत फुले येतच असत. यंदा दोन्ही तटांतल्या काही मंडळींनी ती बातमी मला पाठवली आणि विचारले, 'तुम्ही पदार्थविज्ञानवाले, तुम्हीच सांगा, खरे काय?'

माझे उत्तर दोन्ही तटांना आवडणार नाही. हवा तापते आहे, याविषयी शंका उरलेली नाही. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये २०२४ हे भारताचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि २०२५ चा फेब्रुवारी हा आजवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. परंतु एका झाडाच्या एका वर्षाच्या छायाचित्रावरून त्या झाडाविषयी काहीच सिद्ध होत नाही. 'वेळेआधी' हा शब्द वापरायचा, तर मुळात 'वेळ' कोणती हे ठाऊक असावे लागते. आणि आपल्या बहुतेक डोंगरांच्या बाबतीत ती वेळ कोणी सलग लिहून ठेवलेली नाही. ही पोस्ट त्या न लिहिलेल्या वहीविषयी आहे.

मी भिलाईच्या सेक्टर २ मध्ये वाढले. आमच्यासारखी कितीतरी मराठी घरे नागपूर, भंडारा, गोंदियाकडून याच रेल्वेमार्गाने इकडे आली आणि पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये स्थिरावली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज दक्षिणेकडच्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले. आमचे रस्ते, शाळा, इस्पितळे, सगळे त्या डोंगराच्या पोटातून निघाले आहे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. या गावाचा स्वभाव नोंदी ठेवण्याचा. कोणत्या पाळीत किती धातू ओतला, भट्टीचे तापमान किती होते, कोणता झडपेचा बोल्ट केव्हा बदलला, हे वहीत लिहिल्याशिवाय पाळी संपत नसे. पाळी बदलताना वही हातात सोपवायची आणि मगच सायकलला टांग मारायची, ही येथली रीत.

माझे बाबा त्याच वह्यांचे माणूस. कारखान्याकडून दरवर्षी मिळणाऱ्या डायरीत ते घरखर्च लिहीत आणि समासात बारीक अक्षरांत भलतेच काही टिपत : 'आंब्याला मोहोर', 'कोकीळ ऐकला', 'पळस पेटला', 'पहिला पाऊस, मातीचा वास'. लहानपणी आम्हा भावंडांना त्याचे हसू येई. पीएच.डी. संपवून घरी आले तेव्हा मी त्या डायऱ्या काढून बसले. मोठ्या उत्साहाने तारखा संगणकात भरल्या. वाटले होते, एक सुरेख आलेख निघेल आणि तो बाबांच्या वाढदिवसाला चौकटीत घालून देता येईल.

आलेख निघाला नाही. काही वर्षांच्या डायऱ्या घर बदलताना रद्दीत गेल्या होत्या. मध्ये काही वर्षे बाबांची बदली खाणीवर झाली होती, तेव्हा ज्या पळसाची नोंद आहे तो सेक्टरातला नव्हे, राजहऱ्याचा आहे. सेक्टरातला मूळ पळस पुढे रस्ता रुंद करताना गेला. 'फुलला' म्हणजे पहिली कळी उमलली की निम्मे झाड लाल झाले, हेही कोठे लिहिलेले नव्हते. मी सगळी आकडेमोड केली आणि शेवटी जे हाती आले त्याला प्रामाणिकपणे एकच नाव देता येत होते : अनिर्णित.

बाबांनी विचारले, 'काय निघालं गं मग?'

'काही सांगता येत नाही, बाबा. पळस लवकर फुलायला लागला असेलही, नसेलही.'

'मंजे मी इतकी वर्षं लिहिलं ते वाया गेलं म्हण ना.'

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते शोधता शोधता मी ज्या विषयात शिरले त्याला इंग्रजीत 'फिनॉलॉजी' म्हणतात. मराठीत आपण ऋतुनोंदशास्त्र म्हणू. झाडाला पालवी केव्हा फुटली, फूल केव्हा आले, पक्षी केव्हा परतला, हरणाची शिंगे केव्हा गळली, याच्या तारखांचा अभ्यास. ऐकायला फावल्या वेळचा छंद वाटतो. प्रत्यक्षात हे कालमापनाचे शास्त्र आहे आणि म्हणून मला ते माझ्या विषयाचे सख्खे भावंड वाटते.

जगात या शास्त्राच्या काही जुन्या वह्या आहेत. जपानमधील क्योतो येथे चेरीच्या पूर्ण बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. दरबारी रोजनिशी, मठांची टिपणे, सहलींची वर्णने चाळून यासुयुकी आओनो या संशोधकाने ती मालिका जुळवली. २०२१ मध्ये तेथे २६ मार्चला पूर्ण बहर आला तेव्हा 'बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा' असे म्हणता आले, ते या वहीमुळे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ पासून आपल्या मळ्यातील वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या आणि त्याच्या वंशजांनी ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवले. ज्यांनी सुरुवात केली त्यांना हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता. त्यांची वही ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न ते गेल्यावर दोन-दोन शतकांनी विचारला गेला.

आपल्याकडे पावसाची अशी वही आहे. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि पर्जन्यमापकाचे आकडे तालुक्या-तालुक्यांतून जमू लागले. म्हणूनच मान्सून लवकर आला की उशिरा, हे आपण वाद न घालता सांगू शकतो. जंगलाच्या बाबतीत तशी वही तुरळक ठिकाणीच आहे. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये पन्नास हेक्टरांचा तुकडा आखून घेतला आणि त्यातील बोटभर खोडाचे झाडसुद्धा मोजून, क्रमांक देऊन, त्याचा मागोवा ठेवला. देशात असे काम होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. दुःख इतकेच की असे पुरावे बोटांवर मोजण्याइतके आहेत.

आता थोडे गणित. विद्यार्थ्यांनी हा भाग गाळू नये, कारण माझे सारे मत यावर उभे आहे. समजा, एखाद्या झाडाच्या फुलोऱ्याची तारीख दरवर्षीच्या हवामानानुसार सरासरीच्या आठेक दिवस अलीकडे-पलीकडे होते. समजा, तिच्यात दर दशकाला दोन दिवसांचा खरा सरकाव दडलेला आहे. दहा वर्षांच्या नोंदींवरून सरळ रेषा काढली, तर तिच्या उतारातील अनिश्चितता दशकाला जवळजवळ नऊ दिवस येते. म्हणजे दोन दिवसांचा सरकाव नऊ दिवसांच्या धुरळ्यात शोधायचा. तो दिसणार नाही. नोंदी चाळीस वर्षांच्या असतील, तर तीच अनिश्चितता दशकाला सुमारे एक दिवसावर उतरते आणि सरकाव दिसू लागतो. काळ चौपट, नेमकेपणा आठपट. वर्षांच्या संख्येचा दीड घात येथे काम करतो.

यावर कोणी म्हणेल, मग चाळीस वर्षे कशाला थांबता, एकाच वर्षी हजार झाडे पाहा. हा मोह मलाही झाला होता. परंतु एखादा फेब्रुवारी उबदार गेला, तर तो हजारही झाडांना एकदमच उबदार जातो. हजार झाडे पाहून त्या वर्षाची तारीख अधिक काटेकोर कळेल. वर्षावर्षांतला चढउतार त्याने कमी होणार नाही. वेळ विकत घेता येत नाही. प्रयोगशाळेत आम्ही मोजमाप लाखो वेळा पुन्हा करू शकतो. मैकलच्या डोंगरावर साल वर्षातून एकदाच फुलतो.

मैकल म्हणजे आमच्या घरापासून वायव्येला, कवर्ध्याच्या पलीकडे उभी राहणारी डोंगररांग. सातपुड्याचे हे पूर्वेकडचे टोक. तिच्या माथ्यावर सुमारे १,०५० मीटर उंचीवर अमरकंटक आहे. नर्मदा आणि शोण तेथे उगम पावतात आणि एक पश्चिमेला, एक पूर्वेकडे निघून जाते. भिलाई समुद्रसपाटीपासून ३०० मीटरांच्या आसपास. उंची एक किलोमीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. त्या हिशेबाने आमच्या अंगणात आणि अमरकंटकात सुमारे पाच अंशांचा फरक पडतो. अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये एक ठोकताळा मांडला होता : दर चारशे फूट उंचीला वसंत चार दिवस उशिरा पोहोचतो. त्याने येथे हिशेब केला, तर अमरकंटकचा फुलोरा आपल्यापेक्षा सुमारे पंचवीस दिवस मागे असायला हवा.

पण हा ठोकताळा जेथे बर्फ वितळून वसंत येतो त्या देशाचा आहे. आपल्याकडची झाडे थंडीपेक्षा कोरडेपणाशी अधिक झुंजतात. म्हणून तो उसना नियम येथे किती चालतो आणि कोठे मोडतो, हे पाहणेच खरे रंजक आहे. डोंगर ही निसर्गाने आखलेली मोजपट्टी आहे. पायथ्याचा, मध्याचा आणि माथ्याचा पळस एकाच वर्षी पाहिला, तर पाच अंशांच्या फरकाने काय घडते ते आजच दिसते. त्याने भविष्य कळत नाही, परंतु प्रश्न कसा विचारावा हे कळते.

शिवाय डोंगर नेहमी पुस्तकाप्रमाणे वागत नाही. डिसेंबरच्या निरभ्र, कोरड्या रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडून देते. तिला लागलेली हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळून दरीत साठते. पहाटे दरीचा तळ माथ्यापेक्षा थंड असतो. चिल्फी घाटाकडच्या गवतावर अशा सकाळी पांढरा थर दिसतो. इकडे त्याला 'पाला' म्हणतात. आमच्या आजीला भिलाईत नवीन असताना 'पाला पडला' हे ऐकून झाडांची पाने गळाली असेच वाटले होते. गोठलेल्या दवाचा हा पाला सालाच्या कोवळ्या रोपांना मारतो. कान्हाच्या खोऱ्यांत उतारांवर घनदाट साल आणि तळाशी मोकळी गवताळ मैदाने, असे जे दृश्य दिसते, त्याला चिकणमाती, जुने वणवे, उठून गेलेल्या गावांची शेते ही कारणे आहेतच. परंतु दरीत साठणारी ही थंड हवा हेही एक कारण आहे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात ते उष्णताप्रारणाचे सूत्र तेथे गवताच्या रूपाने डोळ्यांसमोर पसरलेले असते.

त्या गवतावर बाराशिंगा जगतो. कठीण जमिनीवर राहणारी त्याची ही उपजात १९७० च्या सुमारास कान्हात अवघी ६६ उरली होती. कुंपणाच्या आत जपून, गवत राखून ती आज हजाराच्या घरात पोहोचली आहे. उन्हाळ्यात नराची शिंगे गळतात, पावसात मखमलीखाली नवी वाढतात, थंडीत माज येतो आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात उंच गवतात मादी पाडसाला लपवते. या प्राण्याचे सारे वर्ष गवताच्या उंचीशी बांधलेले आहे. आता, हिवाळ्याच्या रात्री उबदार होत गेल्या आणि पाला पडणाऱ्या पहाटा घटल्या, तर सालाची रोपे मैदानात शिरतील का? हा केवळ तर्क आहे, निष्कर्ष नव्हे. परंतु तो तपासण्याजोगा तर्क आहे आणि तपासण्यासाठी काय लागते? दरीच्या तळाशी एक तापमापक, शंभर रोपांची वही आणि वीस-तीस वर्षांची चिकाटी. यातली पहिली वस्तू बाजारात मिळते.

झाडाला वेळ कळते कशी, हा प्रश्न सर्वांत खोल. त्याच्यापुढे निदान तीन घड्याळे असतात. पहिले दिवसाच्या लांबीचे. भिलाईच्या अक्षांशावर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात सुमारे अडीच तासांचा फरक आहे. उष्ण कटिबंधातील अभ्यासांतून दिसते की काही झाडे अर्ध्या तासाहून कमी फरकही ओळखतात. दुसरे घड्याळ उष्णतेचे आणि तिसरे पाण्याचे, म्हणजे खोडात, मुळांशी आणि हवेत उरलेल्या ओलाव्याचे. पहिले घड्याळ पृथ्वीच्या आसाच्या कलावर चालते. ते आपल्या धुराने बिघडणार नाही. दुसरे बिघडले आहे. तिसरे लहरी होत चालले आहे. जोवर तिन्ही एकाच वेळेला टोले देत होती तोवर झाड कोणते ऐकते याने फरक पडत नव्हता. आता पडतो. एकाच जंगलातले एक झाड सूर्याचे ऐकत असेल, त्याच्यावर येणारा कीटक उष्णतेचे ऐकत असेल आणि त्या कीटकावर पिल्ले पोसणारा पक्षी तिसरेच काही ऐकून आलेला असेल.

सालाचेच उदाहरण घ्या. आमचे शेजारी त्याला सरई म्हणतात. मार्चमध्ये जुनी पाने गळता गळताच नवी पालवी आणि फिकट फुलोरा येतो. जूनमध्ये पंख लावलेले फळ भिरभिरत खाली येते. या बीला सुप्तावस्था नाही. बहुतेक बिया जमिनीवर पडून आठवडाभरात उगवल्या तर उगवल्या, नाही तर गेल्या. म्हणजे हजारो वर्षे सालाने आपले बी मान्सूनच्या पहिल्या पावसाशी जुळवून टाकले आहे. २०२५ मध्ये काय झाले ते आठवा. मान्सून २४ मेला केरळात आला, मे संपण्यापूर्वी बस्तरला टेकला, मग सुमारे दोन आठवडे तेथेच अडला आणि जून निम्मा झाल्यावर पुढे सरकला. वर्तमानपत्रांनी हा विलंब शेतकऱ्यांच्या बाजूने मांडला, ते योग्यच होते. परंतु त्या दोन आठवड्यांत पंख लावून जमिनीवर उतरलेल्या बियांचे प्रत्येक उतारावर काय झाले? उपग्रहाच्या चित्रात जंगल हिरवेच दिसते. मोठी झाडे हिरवीच असतात. त्यांच्या पायथ्याशी एक पिढी रुजली की वाळली, हे वाकून पाहणाऱ्यालाच दिसते.

सालाच्या खोडात शिरणारा बोरर नावाचा भुंगेराही पहिल्या पावसाच्या ओलीबरोबर बाहेर पडतो. १९२० च्या दशकात आणि पुन्हा १९९७-९८ मध्ये मैकलच्या जंगलांत त्याची साथ आली. दुसऱ्या वेळी लाखो झाडे तोडावी लागली. या भुंगेऱ्याला पकडण्याची वनखात्याची पद्धत मोठी चतुर आहे : सालाचा ताजा ओंडका ठेचून ठेवायचा, त्याच्या रसाच्या वासावर भुंगेरे येतात आणि रोज वेचून मारायचे. परंतु सापळा लावायचा केव्हा, हे भुंगेरे केव्हा निघतील यावर ठरते. येथे तारीख ही पांडित्याची बाब राहत नाही. ती जंगल वाचवण्याचे हत्यार होते.

आणि चातक. मान्सूनच्या तोंडावर आफ्रिकेकडून येणारा हा पक्षी आपल्या कवितेत पावसाची वाट पाहतो, शास्त्रात मात्र सातभाईच्या घरट्यात गुपचूप अंडे घालतो. २००७ मध्ये 'मायग्रंटवॉच' या उपक्रमाने सामान्य पक्षीनिरीक्षकांना आवाहन केले, की स्थलांतरित पक्षी पहिल्यांदा दिसल्याची तारीख कळवा. २०२० मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली. दोन्ही कामे मोलाची आहेत. पहिले हजारो डोळ्यांनी एक दिवस टिपते, दुसरे दोन पक्ष्यांचा सारा प्रवास टिपते. दोघांनाही हवी असते ती तिसरी गोष्ट, म्हणजे त्याच झाडावर तोच माणूस वर्षानुवर्षे पाहतो आहे अशी नोंद.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे आपल्या सह्याद्रीवरून सहज पटावे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसायादीत गेला आणि कासचे पठार त्याचा भाग ठरले. गर्दी झाली, छायाचित्रे लाखोंनी निघाली. पण कारवीचा विचार करा. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये सार्वत्रिक फुलली. इतर डोंगरांवर हे चक्र सात वर्षांचे मानले जाते. मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांची : १९९४, २००६, २०१८. मिझोरमचा 'मौताम' आणणारा बांबू तर अठ्ठेचाळीस वर्षांचा. १९५८-५९ नंतर तो २००६-०७ मध्येच फुलला. अशा वनस्पतीच्या बाबतीत एका संशोधकाच्या साऱ्या नोकरीत एक किंवा चार आकडे मिळतात. येथे पाच वर्षांचा प्रकल्प म्हणजे समुद्राची भरती पाच सेकंद पाहण्यासारखे आहे.

आणि आपले विज्ञान तर प्रकल्पांवर चालते. काही वर्षांपूर्वी दोन सहकाऱ्यांसह मी मैकलच्या एका उतारावर असे काम सुरू करण्याचा प्रस्ताव पाठवला होता. परतलेल्या कागदावर एकच शेरा होता : तीन वर्षांत निष्कर्ष काय निघणार? प्रश्न विचारणाऱ्यावर माझा राग नाही. नियमांत बसून त्याने तो विचारला. राग आहे तो नियमांवर. तीन वर्षांत खरोखरच काही निघणार नव्हते. निघेल असे लिहिले असते, तर कदाचित पैसे मिळाले असते आणि मी खोटे लिहिलेले असते. २०१५ मध्ये केंद्र शासनाने दीर्घकालीन परिसंस्था-निरीक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, त्यात मध्य भारतातील वनांचेही नाव होते. दिशा बरोबर आहे. परंतु दीर्घकाळ हा शब्द घोषणेत असून पुरत नाही, तो अंदाजपत्रकात असावा लागतो.

आक्षेपांचा विचार करू. पहिला : उपग्रह आहेत, मग माणूस कशाला? उपग्रहाने जंगलाची हिरवाई मोजण्यात क्रांती केली, हे मान्य. परंतु त्याला सालाची पालवी आणि मोहाची पालवी वेगळी करणे जड जाते, पावसाळ्यात ढग आडवे येतात, आणि झाडाखालचे बी त्याला दिसत नाही. दुसरा : मोबाइलवर नागरिक नोंदी करतात, ते पुरे नाही का? 'सीझनवॉच'सारख्या उपक्रमाने शाळकरी मुलांना एक झाड दत्तक देऊन आठवड्याला त्याची नोंद करायला लावली. मला तो देशातला सर्वांत सुंदर विज्ञानप्रयोग वाटतो. त्याची अडचण एकच : मूल दहावी झाले की झाड पोरके होते. वहीला वारस लागतो. तिसरा आक्षेप : जुनी पुस्तके आहेत की. खरेच आहेत. ब्रँडिसने १८७४ मध्ये, ट्रूपने १९२१ मध्ये मध्य भारतातील झाडांच्या फुलण्या-फळण्याचे महिने लिहून ठेवले. ते आपले भांडवल आहे. पण त्यांनी महिने लिहिले. आपल्याला दिवस हवे आहेत.

चौथा आक्षेप कोणी घेत नाही, म्हणून मीच घेते. हे सारे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण विचारतो का? मोहफुले पहाटे गळतात. मार्च-एप्रिलमध्ये अंधार असतानाच बायका टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर अस्वल आधी पोहोचते. कोणत्या नाल्याकाठचा मोह आधी गळतो, कोणत्या टेकडीवरचा मागून, कोणत्या वर्षी ढगाळ हवेने फूल काळे पडले, हे त्यांना नेमके ठाऊक असते; कारण त्यावर घर चालते. तेंदूपाने केव्हा खुडायची, चार केव्हा पिकतो, हेही तसेच. आमच्या शोधनिबंधांत या बायका 'स्थानिक माहितगार' या दोन शब्दांत संपतात. त्यांच्याकडून तारखा घ्यायच्या असतील, तर त्यांचा मोबदला द्यावा आणि निबंधावर त्यांचे नाव घालावे. वनरक्षकाचेही तेच. रोज दहा-बारा किलोमीटर चालणारा माणूस आपल्या हाताशी आहे आणि त्याच्या वहीत फुलोऱ्यासाठी रकाना नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वनविभागात शंभर झाडे ठरवावीत, क्रमांकासहित. पायथ्याला, मध्यावर, माथ्यावर आणि दरीच्या तळाशी. 'फुलला' याची व्याख्या एकदाच करावी आणि बदलू नये. आठवड्याला एक फेरी, एक वही, शेजारी एक तापमापक आणि एक पर्जन्यमापक. नोंदी हवामान खात्याच्या पावसाप्रमाणे सर्वांना खुल्या असाव्यात. जवळच्या महाविद्यालयाने वहीचा वारसा सांभाळावा; एक तुकडी बाहेर पडताना दुसरीच्या हाती ती सोपवावी, जशी कारखान्यात पाळी बदलताना सोपवतात. आणि या कामाला निष्कर्षाची तारीख विचारू नये. खर्च म्हणाल, तर कोणत्याही मध्यम प्रयोगशाळेतील एका उपकरणाहून तो कमी असेल. आपल्याजवळ पैसा कमी नाही, सलगपणा कमी आहे.

विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांनाही एक विनंती. पुढच्या वर्षी बुरांसाची बातमी करताना एकच वाक्य अधिक लिहा : ही 'वेळ' आम्ही कोणत्या नोंदीवरून ठरवली. नोंद नसेल, तर नाही असे लिहा. त्या एका वाक्याने बातमी फिकी होणार नाही. उलट वाचकाला कळेल की एक वही कोरी आहे आणि ती भरणारा हवा आहे.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याजवळ आहे. त्यांचे लिहिणे वाया गेले नाही. ते मध्ये तुटले, एवढाच त्याचा दोष. यंदा मी कोपऱ्यावरचा आंबा आणि मैदानापलीकडचा पळस अशी दोन झाडे ठरवली आहेत. व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. आठवड्याची फेरी बाबा घालतात, तारीख मी भरते. आमच्या शेजारची सातवीतली मुलगी कधीकधी त्यांच्याबरोबर जाते. तिला अजून सांगितलेले नाही की तिची गाठ चाळीस वर्षांच्या कामाशी पडली आहे.

आपल्या दारातले एखादे झाड ठरवा. गाव, झाड आणि या वर्षीच्या पहिल्या फुलाची तारीख खाली लिहा. पुढच्या वर्षी याच पोस्टखाली पुन्हा या. डोंगराजवळ राहत असाल, तर उंचीही लिहा.